फ्लेक्सी बास्केट भरावी का?

जानेवारी लागला की दोन तऱ्हेचे प्रश्न ठरलेले. पहिला कळंब, भूम, परंड्याकडच्या शिक्षकांचा: "सर, नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणतात. मग आयकराच्या शीटमध्ये शासनाचा एनपीएस हिस्सा माझ्या उत्पन्नात का धरलाय?" दुसरा उमरगा-तुळजापूरच्या आईवडिलांचा. मुलगी हिंजवडीला नाहीतर खराडीला नोकरीला लागलेली असते. "कंपनीने बास्केट भरायला सांगितलीय. फूड कार्ड, एलटीए, फोन, पेट्रोल. कशात किती टाकायचं?"

प्रश्न दोन असले तरी गाठ एकच आहे. पगारातली काही रक्कम कर लागण्याआधीच बाजूला निघते. ती कुठली, किती, आणि ती काढून तुमच्या हाती खरेच काही जास्त पडते का, एवढेच पाहायचे आहे. खाली दिलेले आकडे आणि कलमे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या पगारासाठी, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याप्रमाणे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. त्यामुळे एप्रिलमधले डिक्लेरेशन भरताना मर्यादा पुन्हा तपासून घ्या.

बास्केट म्हणजे काय, आणि काय नाही

कंपनीने जो वार्षिक पगार कबूल केला, म्हणजे सीटीसी, त्यातलाच एक तुकडा "यातून तुम्हाला हवे ते भत्ते निवडा" म्हणून तुमच्यापुढे ठेवला जातो. हीच फ्लेक्सी बास्केट. कंपनी वरून काही देत नाही. पैसे तुमचेच, फक्त नाव बदलते. "विशेष भत्ता" या नावाने आले तर पूर्ण करपात्र, "फूड कार्ड" या नावाने आले तर काही अटींवर करमुक्त.

नातलग अमेरिकेत असतील तर त्यांच्याकडून "फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट" हा शब्द ऐकला असेल. तिथे पगारातून कर कापण्याआधी औषधोपचारासाठी रक्कम वेगळ्या खात्यात टाकता येते. २०२५ साठी त्याची मर्यादा ३,३०० डॉलर होती. वर्षात ती खर्च झाली नाही तर थोडा भाग पुढे नेता येतो, तोही कंपनीने मुभा दिली असेल तर, आणि बाकीचे पैसे बुडतात. आपल्याकडे असे खाते नाही. आपल्या बास्केटमध्ये बिले दिली नाहीत तर उरलेली रक्कम साधारणपणे मार्चच्या पगारात कर कापून हातात येते. "बास्केट वाया गेली" असे मुलगा फोनवर म्हणाला, तर पैसे गेले नाहीत, फक्त करसवलत गेली, असे समजा. याला अपवाद फूड कार्डाचा. त्यावर आधीच भरलेले पैसे रोख परत मिळत नाहीत.

आधी पद्धत ठरवा, मग बास्केट उघडा

बहुतेकांचे इथेच उलटे होते. आधी फूड कार्ड घेतात, घरभाड्याच्या पावत्या जमवतात, आणि जुनी पद्धत की नवी हे जुलैत विवरणपत्र भरताना ठरवतात. खरे तर नवी पद्धत घेतली की बास्केटमधले बहुतेक खाने आपोआप निकामी होतात. नवी पद्धत २०२३-२४ पासून मूळ पद्धत झाली आहे. तुम्ही कंपनीला काही कळवले नाही तर कर तिच्याच हिशेबाने कापला जातो.

एक हिशेब मांडून पाहू. पुण्यातल्या नोकरदाराचा एकूण पगार १५ लाख (कंपनीचा पीएफ हिस्सा सोडून), त्यात मूळ वेतन ६ लाख. जुन्या पद्धतीत त्याने काही म्हणता काही सोडले नाही असे धरू:

- प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५००
- ८०सी मध्ये पीएफ, विमा वगैरे १,५०,०००
- महिना १५,००० भाडे, त्यावर घरभाडे भत्त्याची सूट १,२०,०००
- फूड कार्ड २६,४००
- एलटीए २०,०००
- आरोग्य विम्याचा हप्ता २५,०००

एकूण वजावट ३,९३,९००. करपात्र उत्पन्न ११,०६,१००, आणि उपकरासह कर सुमारे १,५०,१००.

आता नवी पद्धत. पावती नाही, बिल नाही, फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट. करपात्र उत्पन्न १४,२५,०००, उपकरासह कर ९७,५००.

वर्षभर पावत्या सांभाळून हा गृहस्थ साडेबावन्न हजारांनी मागे राहिला. १५ लाखांच्या पगारावर जुनी पद्धत बरोबरीला यायला सुमारे ५ लाख ९४ हजारांची वजावट लागते. गृहकर्जाचे व्याज नसेल तर तिथवर पोहोचणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. आणि एकूण पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर नव्या पद्धतीत पगारावर करच लागत नाही, कारण १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ८७ए ची सूट मिळते. अशा मुलामुलींनी बास्केटवर रात्री जागवू नयेत.

मात्र गृहकर्ज मोठे असेल, पुण्या-मुंबईत भाडे जास्त असेल, वृद्ध आईवडिलांच्या विम्याचा हप्ताही भरत असाल, तर दोन्ही हिशेब कागदावर मांडाच. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर कर मोजण्याचे साधन फुकट आहे.

पद्धत बदलण्याबाबत तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

- कंपनीला कळवलेला पर्याय हा फक्त पगारातून कर कापण्यापुरता असतो. विवरणपत्र भरताना तुम्ही दुसरी पद्धत घेऊ शकता.
- जुनी पद्धत हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत भरायलाच हवे. उशिरा भरलेल्या विवरणपत्रात जुनी पद्धत मिळत नाही.
- पगाराखेरीज दुकान, शिकवणी, कमिशन असे व्यवसायाचे उत्पन्न असेल तर दरवर्षी अशी ये-जा करता येत नाही. फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा जुन्या पद्धतीतून नवीत परतलात की व्यवसाय चालू असेपर्यंत जुनीचा दरवाजा बंद.

नव्या पद्धतीत काय शिल्लक राहते

थोडेच राहते, पण त्यातली पहिली गोष्ट वजनदार आहे.

कंपनीमार्फत एनपीएस. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत रक्कम कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरली तर ती ८०सीसीडी(२) खाली नव्या पद्धतीतही वजा होते. खासगी नोकरीत ही मर्यादा आधी १० टक्के होती. २०२४ च्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीपुरती ती १४ झाली. वरच्याच उदाहरणात ६ लाखांचे १४ टक्के, म्हणजे ८४,००० एनपीएसला वळवले तर कर ९७,५०० वरून सुमारे ८४,४०० वर येतो. तेरा हजार वाचले. पण हे ८४,००० तुमच्याच पगारातून जातात. ठरावीक कारणांसाठी थोडी रक्कम काढता येते, बाकी पैसा निवृत्तीपर्यंत अडकतो आणि शेवटीही काही भागाचे मासिक निवृत्तिवेतन घ्यावेच लागते. पंचविशीतला मुलगा घरासाठी पैसे साठवत असेल तर तेरा हजारांसाठी हे करावे का, हा ज्याच्या त्याच्या गरजेचा प्रश्न आहे. माझे मत विचाराल तर आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी ठेवा, मग एनपीएस. तुम्ही स्वतः वेगळे भरलेले ५०,००० मात्र फक्त जुन्या पद्धतीत वजा होतात. या दोन रकमांची गल्लत फार होते.

फोन व इंटरनेट. बिल तुमच्या नावावर असेल आणि कंपनी त्याची भरपाई करत असेल तर ती रक्कम दोन्ही पद्धतींत करमुक्त.

पीएफमधला कंपनीचा हिस्सा. १२ टक्क्यांपर्यंत करमुक्त. मात्र पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन मिळून कंपनीचा हिस्सा वर्षाला साडेसात लाखांवर गेला तर वरची रक्कम करपात्र होते.

भेटवस्तू. दिवाळीचे व्हाउचर वर्षाला ५,००० पर्यंत.

जुनी पद्धत घेणार असाल तर

*फूड कार्ड.* एका जेवणाला ५० रुपये, दिवसाला दोन जेवणे, महिन्याचे २२ दिवस: महिना २,२००, वर्षाला २६,४००. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर यावर सुमारे ८,२०० रुपये कर वाचतो, २० टक्क्यांत साडेपाच हजार. पूर्वीची सोडेक्सोची कुपने आठवत असतील. आता तीच कंपनी प्लक्सी नावाचे कार्ड देते. नियमानुसार हे व्हाउचर दुसऱ्याला देता येत नाही आणि फक्त खाण्यापिण्याच्या ठिकाणी वापरायचे असते. नव्या पद्धतीत ही सूट नाही, तरीही कार्ड घेऊन बसलेले अनेक जण दिसतात. त्यांचे पैसे कार्डात अडकतात आणि करही लागतो.

*घरभाडे भत्ता.* तीन रकमांपैकी सर्वांत कमी असेल तेवढी सूट मिळते: मिळालेला भत्ता, भरलेल्या भाड्यातून वेतनाचे १० टक्के वजा जाता उरलेली रक्कम, आणि वेतनाचे ४० टक्के. ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत. २०२५-२६ साठी पुणे ४० टक्क्यांतच येते.

मुलगा पुण्यात राहतो आणि धाराशिवच्या घराचे भाडे वडिलांना देतो अशी पावती जोडतो, हा प्रकार बंद करा. ज्या घरात तुम्ही प्रत्यक्ष राहता त्याच घराच्या भाड्यावर सूट असते. आईवडिलांच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर त्यांना भाडे देता येते, पण पैसे बँकेतून जायला हवेत आणि आईवडिलांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवायला हवेत. वर्षाचे भाडे लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन द्यावाच लागतो.

*एलटीए.* रजा घेऊन भारतात केलेल्या प्रवासाचे फक्त भाडे. हॉटेल, जेवण, टॅक्सीने फिरणे यात बसत नाही. चार कॅलेंडर वर्षांत दोन प्रवास. २०२२ ते २०२५ हा गट डिसेंबर २०२५ ला संपला, २०२६ ते २०२९ नवा सुरू झाला. मागच्या गटात एक प्रवास राहिला असेल तर तो २०२६ मध्ये वापरता येतो, आणि तो नव्या दोनांत मोजला जात नाही. प्रवास पर्यटनाचाच हवा असे नाही. नवरात्रात रजा टाकून पत्नी, मुले आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांसह लातूर-मुंबई एक्सप्रेसने धाराशिवला येऊन तुळजापूरचे दर्शन घेतले, तर त्या गाडीची तिकिटे चालतात. स्वतःच्या गाडीतल्या डिझेलची बिले चालत नाहीत.

*मेलेले खाने.* वर्षाला १५,००० च्या औषधांच्या बिलांची सूट आणि महिना १,६०० चा वाहतूक भत्ता (दिव्यांग कर्मचारी सोडून) २०१८-१९ पासून बंद झाले आहेत. अजूनही कोणी मार्चमध्ये मेडिकलवाल्याकडे जुन्या तारखेची बिले मागत असेल तर त्याला हे सांगा.

जिल्हा परिषद शिक्षक आणि राज्य कर्मचारी

तुम्हाला बास्केट नाही, पण तिच्यातली सर्वांत मोठी वस्तू न मागता मिळाली आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांचे १० टक्के कापले जातात आणि शासन १४ टक्के भरते. हा शासन हिस्सा आधी तुमच्या उत्पन्नात मिळवायचा आणि मग ८०सीसीडी(२) खाली पूर्ण वजा करायचा, जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींत. "मिळालाच नाही तर उत्पन्नात का?" या प्रश्नाचे उत्तर हेच: एका हाताने मिळवला तर दुसऱ्या हाताने वजा करा.

घोळ कुठे होतो? शीट भरणाऱ्याने हिस्सा मिळवला, आणि नवी पद्धत आहे म्हणून सगळ्या वजावटी कोऱ्या सोडल्या. आकड्यांत पाहा. वेतन व महागाई भत्ता वर्षाला ११,५०,०००, इतर भत्ते ७५,०००, शासन हिस्सा १,६१,०००. एकूण १३,८६,०००. प्रमाणित वजावट जाऊन १३,११,०००. इथेच थांबलात तर उपकरासह कर ७९,७१६. शासन हिस्सा वजा केलात तर उत्पन्न साडेअकरा लाख आणि कर शून्य. एका रिकाम्या रकान्याची किंमत ऐंशी हजार! गटशिक्षणाधिकारी कार्यालयात किंवा शाळेत शीट देण्याआधी हा एक रकाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या, जीपीएफवाल्या गुरुजींना हे लागू नाही. त्यांच्या खात्यात शासन हिस्सा भरत नाही, आणि स्वतः भरलेला जीपीएफ फक्त जुन्या पद्धतीच्या ८०सी मध्ये उपयोगी पडतो.

घरभाडे भत्त्याबाबत एक कडू गोष्ट. जुन्या पद्धतीतही आपल्या धाराशिव जिल्ह्यात या सवलतीचा फायदा बहुतेकांना शून्य असतो. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना ७०,००० असेल तर त्याचे १० टक्के ७,०००. तुमचे भाडे ६,००० असेल तर भाड्यातून ७,००० वजा कसे जाणार? सूट काहीच नाही. लोहाऱ्यात किंवा वाशीत सात हजारांच्या आत घर मिळते हे तुमचे भाग्य, पण आयकराच्या सूत्रात ते आडवे येते. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना तर सूट मागताच येत नाही. काही जण या कारणाने पावतीवर बारा हजार लिहून आणतात. त्याविषयी पुढे बोलू.

सातव्या वेतन आयोगाचा थकबाकीचा हप्ता ज्या वर्षी मिळाला त्या वर्षी उत्पन्न फुगते. कलम ८९ ची सवलत त्यासाठीच आहे, आणि ती नव्या पद्धतीतही मिळते. मात्र विवरणपत्राआधी पोर्टलवर फॉर्म १०ई भरा. शीटमध्ये सवलत धरली आणि १०ई भरला नाही, तर काही महिन्यांनी मागणीची नोटीस येते.

कारखाना, एमआयडीसी आणि छोट्या आस्थापना

इथे बास्केटचा प्रश्नच नाही; प्रश्न असतो तो कापलेला पैसा पोहोचला का, हा. पीएफमध्ये तुमचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के जमा व्हायला हवेत. मालकाच्या हिश्श्यातून १५,००० च्या वेतनमर्यादेवर ८.३३ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात. वेतन २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे तुमच्याकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के.

महिन्याची कपात पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. उमंग ॲपवर पासबुक उघडून तीन-चार महिन्यांनी एकदा पाहत जा. स्लिपवर कपात आणि पासबुकात कोरे असेल तर आधी लेखी विचारणा, मग पीएफ कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार. पगाराच्या स्लिपा जपा, त्याच पुरावा.

खोट्या पावत्यांविषयी

मुद्दा नैतिकतेचा नाही, हिशेबाचा आहे. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवले असे ठरले तर वाचवलेल्या कराच्या २०० टक्के दंड, शिवाय कर आणि व्याज वेगळे. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभर खोट्या वजावटींची झडती घेतली, त्यात घरभाडे सवलतीचे दावेही होते. "पाच टक्के द्या, रिफंड काढून देतो" म्हणणारा एजंट तेव्हा फोन उचलत नाही. नोटीस तुमच्या पॅनवर येते, त्याच्या नव्हे.

नोकरी सोडताना आणि फॉर्म सोळा चुकला तर

- शेवटच्या दिवसाआधी फूड कार्डावरची शिल्लक वापरा आणि फोन, प्रवासाची बिले सादर करा. नंतर पोर्टलचे लॉगिन बंद होते. बास्केटची मुदत आणि नियम कंपनीच्या धोरणात असतात. ते लेखी मागून घ्या.
- नव्या कंपनीला फॉर्म १२बी देऊन आधीच्या पगाराची माहिती द्या. नाहीतर दोन्ही कंपन्या प्रमाणित वजावट आणि ८७ए ची सूट वेगवेगळी धरतात, आणि जुलैत एकदम कर भरावा लागतो.
- फॉर्म सोळा १५ जूनपर्यंत मिळणे हा तुमचा हक्क आहे. त्यातला कापलेला कर २६एएस मध्ये दिसतो का ते ताडून पाहा. कापला पण भरला नाही, अशी वेळ आली तर स्लिपा आणि बँकेचे उतारे जपून ठेवा. पगारातून कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही.
- वजावट फॉर्म सोळात राहून गेली असेल तर ती विवरणपत्रात घेता येते. घरभाडे, एलटीए, ८०सी, एनपीएस हे सारे पुराव्यासह चालते. फूड कार्डाचे मात्र मागाहून जमवणे अवघड, ते कंपनीच्याच हिशेबात बसायला हवे.
- भरून झाल्यावर चूक लक्षात आली तर २०२५-२६ चे सुधारित विवरणपत्र निदान ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत भरता येते. शासन हिश्श्याचा रकाना कोरा राहिलेल्या शिक्षकांनी ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवावी.